पार्ट डी आणि काउंटरमागची माणसे

अमेरिकेतील ज्येष्ठांना सरकारी आरोग्यविमा देणाऱ्या मेडिकेअरचा कायदा 1965 साली झाला. रुग्णालयाचा खर्च आणि डॉक्टरांची फी त्यात आली. घरी घ्यायच्या गोळ्या मात्र राहून गेल्या. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांवर वर्षानुवर्षे औषधे घेण्याचा काळ आला, तेव्हा ही उणीव बोचू लागली. ती भरून काढणारा कायदा 1988 मध्ये झाला खरा, पण त्यासाठी लावलेल्या वाढीव आकारणीवर ज्येष्ठच संतापले आणि पुढच्या वर्षी तो रद्द झाला. अखेर डिसेंबर 2003 मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने ‘पार्ट डी’ मंजूर झाला आणि 1 जानेवारी 2006 पासून लागू झाला.

पार्ट डीमध्ये सरकार औषधाचे पैसे दुकानदाराला स्वतः देत नाही. खासगी विमा कंपन्या योजना विकतात, सरकार त्यांना अनुदान देते आणि औषध दुकानांशी होणारा व्यवहार बहुधा मध्यस्थ कंपन्या पाहतात. प्रत्येक योजनेची औषधांची यादी वेगळी, रुग्णाने भरायची रक्कम वेगळी, नियम वेगळे. हा गुंता रोज सोडवण्याचे काम फार्मासिस्ट आणि डॉक्टर यांच्या गळ्यात पडले आणि त्याच्या मोबदल्याची नीट सोय झाली नाही. योजनेतला हा सर्वांत मोठा अन्याय म्हणावा लागेल.

त्याची प्रचिती पहिल्याच आठवड्यात आली. सुमारे 60 लाख गरीब रुग्णांची औषधे तोवर गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनेतून मिळत होती. त्यांना एका रात्रीत खासगी योजनांकडे वळवण्यात आले. अनेकांची नावे संगणकावर सापडेनात. फार्मासिस्ट तासन् तास फोन धरून बसले, कित्येकांनी पैशांची खात्री नसताना औषधे दिली आणि बऱ्याच राज्यांना तातडीने खर्च उचलावा लागला. नंतर विमा कंपन्यांकडून पैसे यायला आठवडे लागू लागले, पण घाऊक व्यापाऱ्याची देणी थांबत नव्हती. गावातल्या एकुलत्या एका दुकानाला हे पेलवणारे नव्हते. म्हणून 2008 च्या कायद्याने संगणकावरून पाठवलेल्या बिलाचे पैसे 14 दिवसांत देणे बंधनकारक केले.

पुढे दुकानदारांना त्याहून मोठा घाव बसला तो विक्रीनंतरच्या वसुलीचा. औषध विकून काही महिने उलटल्यावर, कामगिरीचे निकष लावून, दिलेल्या पैशांतला काही भाग परत घेतला जाई. विक्रीच्या वेळी नफा झाला की तोटा, हेच दुकानदाराला कळत नसे. 1 जानेवारी 2024 पासून ही कपात विक्रीच्या किमतीतच दाखवणे सक्तीचे झाले. मात्र त्या वर्षाच्या सुरुवातीला मागची वसुली आणि नवे कमी दर असा दुहेरी भार दुकानांवर आला.

डॉक्टरांना मिळालेला लाभ खरा आहे. लिहून दिलेले औषध रुग्ण विकत घेईल, ही शक्यता वाढली. पण त्याबरोबर पूर्वपरवानगीचे अर्ज आले आणि आधी स्वस्त औषध वापरून पाहण्याची अटही आली. कर्करोग, एचआयव्ही, अपस्मार, मनोविकार अशा आजारांवरील औषधांच्या सहा वर्गांना यादीत विशेष संरक्षण आहे. बाकीच्या औषधांसाठी दवाखान्यातला कर्मचारी कागदपत्रांत अडकतो. नागिणीची लस पार्ट डीमध्ये आणि फ्लूची डॉक्टरांची फी देणाऱ्या पार्ट बी या मेडिकेअरच्या भागात, अशी विभागणी झाली. नागिणीच्या लशीचे बिल लावणे दवाखान्यांना अवघड असल्याने ती बहुतेक औषध दुकानातच टोचली जाते.

कर्करोगतज्ज्ञांवर परिणाम झाला तो याच 2003 च्या कायद्यातील दुसऱ्या कलमाने. दवाखान्यात दिल्या जाणाऱ्या औषधांचा मोबदला पूर्वी छापील घाऊक किमतीवर ठरे आणि खरेदीची किंमत त्याहून बरीच कमी असे. त्या फरकावर अनेक दवाखाने चालत. 2005 पासून सरासरी विक्री किंमत अधिक 6 टक्के हा हिशेब आला. जुन्या पद्धतीत सरकार जास्त पैसे मोजत होते, म्हणून बदल योग्यच होता. परंतु लहान दवाखान्यांचा आधार त्यात गेला.

2022 च्या कायद्याने इन्सुलिनसाठी रुग्णाचा महिन्याचा खर्च 35 डॉलरवर आणला आणि 2025 साठी औषधांवरील त्याच्या वार्षिक खर्चाला 2,000 डॉलरची मर्यादा घातली. 2003 च्या कायद्याने सरकारला औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करण्यास केलेली मनाईही काही औषधांपुरती उठली. एलिक्विस, जानुविया यांसह 10 औषधांचे ठरवलेले दर 1 जानेवारी 2026 पासून लागू झाले. ज्येष्ठांना याने मोठा दिलासा मिळाला. दुकानदार मात्र सहसा जुन्याच चढ्या भावाने औषध खरेदी करतो, नव्या दराने देतो आणि फरकाची रक्कम उत्पादकाकडून येण्याची वाट पाहतो. विक्रीची माहिती पोहोचल्यावर ती देण्यासाठी उत्पादकाला 14 दिवसांची मुदत आहे. तोवर ते भांडवल दुकानदाराचेच अडकलेले असते.