पंगत उठल्यावर

दिवा मालवा. उशी हवी तशी सारखी करा आणि आडवे व्हा. झोपायची घाई नको. ठरवून कुणाला झोप येत नाही. थोडा वेळ डोक्याचा भार उशीवर कुठे पडलाय, तेवढंच जाणवू द्या. मानेमागे, कानाशी, की टाळूच्या खाली?

त्या भारातला मेंदूचा वाटा 1300 ते 1400 ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जा मात्र सुमारे 20 टक्के खातो. आजचा दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या: जिन्यात झालेली बाचाबाची, तीनदा चुकलेला पासवर्ड, कोथिंबिरीच्या जुडीवरून केलेली घासाघीस. या सगळ्यासाठी पेशी राबल्या, आणि राबणं आलं की कचरा आलाच. त्यातलाच बीटा अमायलॉइड हा प्रथिनाचा तुकडा. तो तुमच्याआमच्या, सगळ्यांच्याच मेंदूत रोज तयार होतो. निघून गेला तर प्रश्न नाही. साचत राहिला, तर त्याचे थर होतात. अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली आपल्या दिवंगत रुग्णाच्या मेंदूतल्या ज्या विकृतींचं वर्णन केलं, त्यांत हे थर होते.

आता कवटीच्या आत मन न्या. तिथे मेंदू टेकलेला नाही, तरंगतो आहे. त्याच्याभोवती आणि मणक्यात मिळून साधारण 150 मिलिलिटर निर्मळ द्रव असतो. शरीर रोज सुमारे अर्धा लिटर नवा द्रव तयार करतं, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा तो बदलतो. इतका खटाटोप नुसत्या तरंगण्यासाठी नसावा, नाही का?

2012 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत या द्रवाची वाट शोधली. धमन्यांच्या कडेकडेने तो आत शिरतो, पेशींमधल्या फटींतून झिरपतो आणि कचरा घेऊन शिरांच्या कडेने बाहेर पडतो. पुढच्याच वर्षी त्यांनी जागा उंदीर आणि झोपलेला उंदीर यांची तुलना केली. जागेपणी पेशींमधली मोकळी जागा 14 टक्के होती, झोपेत 23 टक्के झाली. बाहेरून सोडलेला अमायलॉइड झोपेत दुप्पट वेगाने निघून गेला. पंगत बसलेली असताना उष्टी काढता येत नाहीत, तसंच हे. वाढपी थांबावे लागतात, माणसं उठावी लागतात. मेंदूतले वाढपी म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, आपल्याला सावध ठेवणारं रसायन. ते ओसरलं की जागा होते.

श्वासाकडे या. तो मुद्दाम लांबवू नका, जसा चाललाय तसा चालू दे. 2019 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी माणसांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवलं. (त्या खडखडाटात ती झोपली कशी, हेच मला नवल वाटतं.) गाढ झोपेत मेंदूतलं रक्त जरा ओसरायचं, त्या जागी द्रवाची लाट यायची, साधारण दर 20 सेकंदांनी एक. वीस सेकंद म्हणजे तुमचे चार-पाच सावकाश श्वास. चार श्वास जाऊ द्या. एवढ्यात एक लाट. पुन्हा चार. आत्ता तुमच्यात ती नसेल, कारण तुम्ही जागे आहात आणि मोजताय. मोजणं सुटेल तेव्हा ती येईल.

यावर वाद आहे, तोही ऐकून घ्या. 2024 मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांना उंदरांत उलटंच दिसलं: झोपेत आणि भुलीत मेंदूत सोडलेला रंग जागेपणापेक्षा कमी वेगाने निघाला. मोजायची पद्धत कुणाची बरोबर, यावर दोन्ही बाजू हटून आहेत. सफाई होते याबद्दल मला शंका नाही. ती नेमकी केव्हा आणि कशी, हे प्रकरण उघडंच ठेवलेलं बरं.

वय मात्र वाद घालत नाही. वाढत्या वयाबरोबर गाढ झोपेचा हिस्सा घटत जातो. म्हाताऱ्या उंदरांत द्रवाची ये-जाही मंदावलेली आढळली. ब्रिटनमधल्या सुमारे 8000 सरकारी नोकरांवर 25 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी जास्त निघालं. कमी झोपेमुळेच तो झाला, असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

हा आकडा ऐकून पोटात गोळा आला असेल, तर तो गोळाही पाहा. तान्ह्या बाळाची आई, रात्रपाळीचा वॉचमन, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली सून. यांना 'आठ तास झोपा' सांगणं सोपं आहे. मनगटावरचं घड्याळ सकाळी झोपेचे गुण देतं, त्या गुणांच्या धास्तीने झोप उडालेली माणसं मी पाहिली आहेत. ते घड्याळ काढून ठेवा.

जबडा सैल सोडा. जीभ टाळूला चिकटली असेल तर सोडवा. आणि हो, भूल देऊन कुशीवर ठेवलेल्या उंदरांत ही सफाई बरी होते, असं एका प्रयोगात दिसलं होतं. माणसांत ते सिद्ध झालेलं नाही. तरी वळायचं तर वळा. पाठीवर झोपल्यावर तुम्ही घोरत असाल, तर ते कुशीवर पुष्कळदा कमी होतं. आणि घोरताना श्वास मध्येच अडतो, असं शेजारी झोपणारं माणूस म्हणत असेल, तर उद्या डॉक्टरांना गाठा.