निबर

शाळेत मी कातडीची आकृती फळ्यावर काढतो. तळाला जिवंत पेशींचा थर. तिथं नवी पेशी जन्मते, वर ढकलली जाते, केराटिन नावाच्या प्रथिनानं भरत जाते, चपटी होते, केंद्रक गमावते आणि पृष्ठभागाशी पोचते ती मेलेलीच. साधारण महिन्याभरात हा प्रवास संपतो. आपण ज्याला हात लावतो ते असं मेलेल्या पेशींचं छप्पर असतं. खालच्या जिवंताला तेच राखतं.

ही आकृती मला खरी कळली ती रेशनच्या दुकानात. कार्ड आईच्या एकटीच्या नावाचं. तिचा अंगठा यंत्रावर उठेना. तीनदा हात धुतले, पदराला पुसले. उठेना.

"आरं, मी हितं हुबी हाय की! मी न्हवं तर कोण?"

पिशवी रिकामीच परत आणली.

जन्मभर खुरपं धरलेला तो हात. सारखं घासलं, दाबलं की खालच्या पेशी भराभर वाढतात आणि वरचा मेलेला थर जाड होतो. तोच घट्टा. त्यात रक्त नाही, जाणीव नाही. लहानपणी आई चुलीतून पडलेला निखारा बोटांनीच आत सारायची. आम्ही म्हणायचो, आईला भाजत नाही. मग तापलेलं, काटेरी, जड असं सगळं आम्ही तिच्याकडंच सरकवत गेलो. ज्याला सोसायची सवय झाली त्याला दुखतच नाही, हे आम्ही कशावरून ठरवलं?

त्या रात्री तिच्या टाचांच्या भेगांत कोकमाचं तेल गरम करून भरत होतो. तिनं झटकन पाय ओढला.

"दुखतंय व्हय गं?"

"भेग आत गेली की दुखतंयच. वरचं काय, मेल्यालंच असतंय."

मी इतकी वर्षं शिकवलेला धडा तिनं एका वाक्यात सांगितला. निबरपणा म्हणजे जाणीव नसणं नव्हे. खाली जिवंत काहीतरी राखायचं असतं, म्हणून वरचं निबर होतं. तिच्या त्या छपराखाली आम्ही भावंडं मऊ राहिलो.

बोटांच्या रेघांचं मूळ खोल असतं. वरचं झिजलं तरी विसावा मिळाला की त्या बहुधा पुन्हा उमटतात. मी म्हटलं, "आई, थोडे दिवस खुरप्याला हात लावू नकोस."

"आन् भांगलण कोन करल?"

मी माझ्या हाताकडं पाहिलं. खडू धरणारा हात. त्याचा ठसा पहिल्या खेपेलाच उठतो.