‘आपला माणूस’ कोणाचा?

लोकप्रतिनिधी स्वजनांचा असावा की सर्वांचा? लंडनच्या बॅटरसी भागातील जॉन आर्चर यांचे चरित्र आम्हांला या प्रश्नापाशी आणून सोडते.

१८६३ साली लिव्हरपूल येथे जन्मलेल्या आर्चर यांचे वडील बार्बाडोसचे, आई आयरिश कॅथलिक. छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत असता १९०६ साली ते बॅटरसी नगरपरिषदेवर निवडून आले व १९१३ साली ४० विरुद्ध ३९ मतांनी महापौर झाले. त्यांच्या जन्मस्थानाविषयी वृत्तपत्रांनी नाना तर्क लढविले. वर्ण डोळ्यांत खुपत होता. १९१८ साली ते आफ्रिकन प्रोग्रेस युनियनचे अध्यक्ष झाले. स्वजनांची बाजू त्यांनी उघडपणे मांडली. परंतु नगरपरिषदेत ते झगडले ते कामगारांना आठवड्याला किमान ३२ शिलिंग वेतन मिळावे म्हणून. आणि त्या कामगारांची कातडी बहुतांशी गोरीच होती. १९२२ साली मुंबईत जन्मलेले शापूरजी सकलातवाला बॅटरसीतून संसदेत गेले, तेव्हा त्यांच्या निवडणुकीची सूत्रेही आर्चर यांनीच सांभाळली.

स्वजनांचा कैवार घेणे पाप नव्हे. ज्याने अपमान सोसला, त्यानेच तो बोलून दाखवावा. मात्र तो कैवार तेथेच थांबला, तर त्याचा स्वार्थ होतो. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात प्रभू येशूने शेजारी गोत्रावरून ठरविला नाही.

निवडणुकीत आम्हीही ‘आपला माणूस’ शोधतो. पोटासाठी आमच्या वेशीशी आलेल्या परप्रांतीयाच्या पाण्यासाठी तो सभेत उभा राहिला, तरीही तो आम्हांला आपला वाटला पाहिजे. आमच्या ख्रिस्तीपणाची कसोटी तेथे आहे.