माल कुठं हाय?

ढाणकीत शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्याला जुगार वेगळा शिकवावा लागत नाही. मिरग कोरडा गेला की दुबार पेरणी, बोंडअळी पडली की कापूस गेला. म्हणून मोबाईलवर डे ट्रेडिंग सुरू केलं तेव्हा त्यात काही अधर्म आहे असं मला वाटलं नाही. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. भाव दुसऱ्यानेच ठरवायचा, तर निदान घ्यायचं-विकायचं बटण तरी आपल्या हातात असावं, असा माझा हिशेब.

सकाळी सव्वानऊला बाजार उघडायचा. मी गोठ्याजवळच्या खाटेवर, कारण रेंज तिथेच. पहिल्या पंधरवड्यात सहा हजार सुटले. रात्री बाबांना सांगितलं. तंबाखू मळता मळता ते म्हणाले, "सकाळी घेतलं अन् तीन वाजता इकलं म्हणतो. मंग माल कुठं हाय?"

माल नव्हताच. सकाळचा सौदा साडेतीनच्या आत उलटा करायचा आणि भावातला फरक तेवढा घ्यायचा किंवा भरायचा, हाच तर तो धंदा. तेव्हा मी हसलो. चार महिन्यांत ४२ हजार गेले, त्यातले बरेचसे दलाली आणि करातच, तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला.

जुलै २०२४ मध्ये सेबीने एक अभ्यास जाहीर केला. २०२२-२३ मध्ये शेअरचे इंट्राडे सौदे करणाऱ्या दर दहा जणांतले सात तोट्यात होते. वर्षात पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के. म्हणजे जो जास्त राबला, तो जास्त बुडाला. दहातले तीन तरले हे खरं. पण तरणं वेगळं आणि घर चालवणं वेगळं. लाखाच्या भांडवलावर महिन्याला वीस हजार काढायचे तर दरमहा २० टक्के हवेत, आणि किराणावाला आपला वाईट महिना ऐकून घेत नाही.

ट्रेडिंग शिकवणारे गीता सांगतात: फळाची आशा सोड, स्टॉपलॉस लाव, स्थितप्रज्ञ राहा. मला ते पटायचंही. पण फळाची आशा सोडायला आधी कर्म फळाला लागणारं हवं. एक निंदणी जास्त झाली तर पिकाला ती कळते. मी स्क्रीनकडे सहा तास पाहिलं काय किंवा दहा मिनिटं, भावाला त्याचं काही नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे. बायको, घर, पत सगळं गमावलेल्याला तिथे सल्ला मिळतो की फासे सोड, शेती कर. आमच्याकडे तो वाचून कुणीही कडवट हसेल. शेतीने इथे माणसं जगवली तशी संपवलीही आहेत. तरी फरक आहेच. सोयाबीन हातचं गेलं तरी थोडंफार कुटार निघतं, कापूस गेला तरी पऱ्हाटी चुलीला होते. माझ्या ४२ हजारांमागे जाळायलाही काही उरलं नाही.

शेअर बाजार पाप आहे असं मी म्हणत नाही. शिल्लक पैशातून चांगल्या कंपनीचा शेअर घेऊन दहा वर्षं ठेवणाऱ्याकडे, बाबांच्या भाषेत, माल आहे. रोजच्या भाकरीसाठी रोजचा सौदा करणाऱ्याकडे तो नाही. त्यामुळे गावातली पोरं विचारतात तेव्हा एवढंच सांगतो: पोट त्यावर टाकू नका. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जास्त वेचला म्हणून तिथे कुणाला पदरचे पैसे भरावे लागत नाहीत.