जुनी गाडी कुणाच्या गळ्यात?

आमच्या दारातली डिझेल गाडी यंदा १४ वर्षांची झाली. चढावर काळा धूर सोडते, थंडीच्या सकाळी लवकर सुरू होत नाही. इंजेक्टर आणि टर्बो, दोन्हींचे काम काढावे लागेल असे मेकॅनिक सांगतो. खर्च ऐकून जो तो म्हणतो, "विकून मोकळे व्हा." आपल्या गावात अशा गाड्या पुष्कळ आहेत, म्हणून हा प्रश्न आम्ही सर्वांपुढे ठेवत आहोत.

वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न आहे. १५ वर्षांनी नोंदणीची मुदत संपते. तपासणीत गाडी उतरली तर ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते आणि वर पर्यावरण कर भरावा लागतो. पण हिशेबाच्या वहीत एक गोष्ट येत नाही. गाडी विकली म्हणजे तिचा धूर संपत नाही, तो फक्त आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जातो.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. (२०२५ मध्ये न्यायालयाने भारत स्टेज ४ व पुढच्या गाड्यांना सवलत दिली.) मधल्या काळात तिथल्या कितीतरी गाड्या 'ना हरकत' दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत विकल्या गेल्या. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. दिल्लीतल्या मुलांना जो धूर नको, तो लहान गावातल्या मुलांना कसा चालेल?

मग गाडी विकणे चूकच का? तसे आम्ही म्हणणार नाही. नवी गाडी घडवायलाही लोखंड, वीज आणि इंधन लागतेच. महिन्यातून चार वेळा निघणारी जुनी गाडी नीट दुरुस्त करून वापरली, तर त्यात वावगे काही नाही. शिवाय ज्याला नवी गाडी कधीच परवडणार नाही, अशा माणसाची जुन्या गाडीने सोय होते. त्याला ती मिळूच नये, असे म्हणणारे आपण कोण?

खरा प्रश्न आहे तो सांगण्याचा. एका दलालाने आम्हाला सल्ला दिला, "इंजिनात जाड ऑइल टाका, गिऱ्हाईक येईपर्यंत आवाज आणि धूर दबून राहतो." बाजारात हे सर्रास चालते. पण घेणारा बहुधा आपल्यापेक्षा गरीब असतो. कर्ज काढून घेतलेली गाडी दोन महिन्यांत बंद पडली, तर त्याच्या घरात काय होईल याचा विचार सौदा करताना कोण करतो?

कायदाही जबाबदारी लगेच सोडत नाही. नोंदणी पुस्तकावर नाव आपले असेल, तर गाडी दुसऱ्याच्या हातात असतानाही अपघाताच्या भरपाईला आपणच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. किल्ली दिली म्हणजे हात झटकता येत नाहीत.

आमच्या घरात आजारी आई आहे. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला गाडी लागते आणि नवी घेण्याची ऐपत नाही. म्हणून इंजेक्टर आणि टर्बोचे काम करून घ्यायचे आणि धूर तपासून मगच गाडी रस्त्यावर काढायची, असे आम्ही ठरवले आहे. धूर थांबलाच नाही, तर ती कुणाच्या गळ्यात न मारता सरकारमान्य भंगार केंद्रात द्यायची. तिथे पैसे कमी मिळतील, हे आम्हाला ठाऊक आहे.

तुमची परिस्थिती वेगळी असेल, निर्णयही वेगळा असू शकेल. मात्र विकणार असाल, तर गाडीचे सगळे दोष सांगून विका, नाव बदलून द्या, आणि गाडी आपल्याच भावाला देत आहोत असे समजून किंमत ठरवा. भावाला जे सांगितले असते, तेच परक्यालाही सांगावे.