सहा शेळ्यांचा अर्ज

हा संवाद काल्पनिक आहे. त्यातला पेच मात्र पशुवैद्यक महाविद्यालयात एम.व्ही.एस्सी. करणाऱ्या कुणालाही परका नाही. औषधीशास्त्र विभाग. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे जाणारा अर्ज टेबलावर आहे. सहा निरोगी उस्मानाबादी शेळ्यांना वेदनाशामक टोचायचे, चोवीस तास ठरावीक अंतराने मानेच्या शिरेतून रक्त काढायचे आणि औषध शरीरात किती वेळ टिकते ते मोजायचे, असा प्रबंधाचा विषय.

"मॅडम, सहाच्या जागी चार शेळ्या लिहू?"

"का?"

"दोघींचा तरी त्रास वाचेल."

"मरणार तर एकही नाहीये."

"मरणार नाहीत. पण सीनियरच्या प्रयोगात रक्त काढायला मी होतो. पहिल्या सुईला शेळी ओढ घेते, ओरडते. रात्रीच्या सुईपर्यंत ती नुसती उभी राहते, मान धरावी लागत नाही. सगळे म्हणाले, शांत झाली. मला ती शांत वाटली नाही."

"चांगलं पाहिलंस. पण चारचा हिशेब चुकतोय. प्रत्येक शेळीचं शरीर औषध वेगळ्या वेगाने बाहेर टाकतं. चारांत एखादी वेगळी निघाली की सरासरीला अर्थ राहत नाही. मग पुढच्या वर्षी दुसरा कुणी तोच प्रयोग करणार. दोघींना वाचवायला गेलास आणि चौघींना फुकट टोचलंस. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वं मांडली: शक्य तिथे पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. संख्या कमी करायची ती उत्तर हाती लागेल इतपतच."

"मग सहाच का? आठ का नाहीत?"

"खरं सांगू? आधीच्या प्रबंधांत सहा आहेत म्हणून. समितीपुढे ते चालणार नाही, गणित मांडावं लागेल."

"मॅडम, मला संख्येपेक्षा दुसरंच खातंय. माणसाच्या औषधासाठी उंदीर मरतो तेव्हा निदान उघड असतं, सोसणारा एक आणि फायदा दुसऱ्याचा. आपण म्हणतो, इथे शेळी शेळ्यांसाठीच सोसते. पण गोठ्यातल्या त्या शेळीला बाकीच्या शेळ्यांशी काय देणंघेणं?"

विद्यार्थ्याचे हे म्हणणे मला पूर्ण पटते. 'आपल्याच जातीसाठी' हे समाधान माणसाने स्वतःसाठी करून घेतले आहे. दुखते ते त्या एकाच शेळीला.

मॅडमनी मात्र गिधाडांचा विषय काढला.

"१९९० च्या दशकात गिधाडं संपत चालली. पांढऱ्या पाठीची तर ९९ टक्क्यांहून जास्त गेली. मेलेलं गिधाड उघडलं की हृदयावर, यकृतावर खडू फासल्यासारखा यूरिक आम्लाचा थर दिसायचा, मूत्रपिंडं निकामी झालेली. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळलं: जनावराला टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याच्या मढ्यात उरत होतं. हे सिद्ध करायला गिधाडांना ते द्यावंच लागलं. बंदी आणायची तर डॉक्टरच्या हाताशी दुसरं औषध हवं. म्हणून मेलॉक्सिकॅम आधी आफ्रिकेतल्या गिधाडांना देऊन पाहिलं, मग आपल्याकडच्या. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद झालं. पुढे किटोप्रोफेनच्या चाचणीत गिधाडं मेली. २०२३ मध्ये आपल्याकडे त्यावरही बंदी आली. त्या पक्ष्यांना कुणी विचारलं नव्हतं. तरीही त्या चाचणीच्या अर्जावर मी सही केली असती."

"मीही केली असती. पण डायक्लोफिनॅकने गाईबैलांना आराम पडतो हे ठाऊकच होतं. मढं खाणाऱ्याचं काय, हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता. म्हणजे नुसते प्राणी वापरून भागत नाही, प्रश्न नेमका लागतो. आणि माझा प्रश्न काय? हे औषध शेळ्यांत किती टिकतं ते छापून आलेलं आहे. त्या शेळ्या उस्मानाबादी नव्हत्या, एवढाच फरक. गिधाडांचा आधार मी माझ्या प्रबंधाला कसा देऊ?"

मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

"नाही देता येणार," त्या म्हणाल्या.

पेच खरा इथे आहे. पदवीला प्रबंध लागतो, दोन वर्षांत तो संपवावा लागतो, म्हणून हमखास तडीस जाईल असा विषय निवडला जातो. औषध तेच, जात नवी. विद्यार्थ्याची अडचण मला कळते. पण ती त्या शेळीने का सोसावी, याचे उत्तर मला सापडत नाही.

"दवाखान्यात शेळ्या येतातच की," मॅडम म्हणाल्या. "पाय मोडलेल्या, कासदाह झालेल्या. त्यांना वेदनाशामक आपण देतोच. मालकाची लेखी संमती घे. एकेका शेळीचं रक्त दोन-तीनदाच काढ, शेळ्या जास्त घे. तसं गणित बसवता येतं. आजारी शेळीत औषध कसं वागतं, हे डॉक्टरला जास्त उपयोगाचं."

"केसेस वेळेत मिळतील याची खात्री नाही. वय वेगळं, आजार वेगळा. परीक्षक म्हणतील, आकडे विस्कळीत आहेत."

"म्हणू देत. मी आहे उत्तर द्यायला."

"आणि संमती मालकाची, शेळीची नव्हे. औषध तिच्या दुखण्यासाठी, पण जादा सुया तिच्यासाठी नाहीत."

"नाहीतच. तेवढं ओझं आपल्यावर राहतं. ते लपवू नकोस, अर्जात स्पष्ट लिही."

अर्ज नव्याने लिहायला घेतला गेला. प्रबंधाला एखादे सत्र जास्त लागेल, हे दोघांनीही मान्य केले.

अशा अर्जांवर सही करणाऱ्या गाईडना आणि समितीच्या सदस्यांना माझी कळकळीची विनंती आहे. शेळ्या किती, हे नंतर बघा. त्याआधी अर्जातल्या प्रश्नाचे उत्तर कुठे छापून आले आहे का, ते शोधा. आले असेल, तर अर्ज परत पाठवा.