घरच्यासारखं

वेल्सच्या किनाऱ्याजवळ, ग्विनेद परगण्यातल्या एका पुरातन दगडी घरात आम्ही राहिलो. भाडं आठवड्याचं, ऐट वतनदाराची! हातभर जाड भिंती, छपराला स्लेट आणि पूर्वीच्या गोठ्यात आमचा पलंग. "गाईची काही एवढी बडदास्त नसेल हो झाली," सौ. म्हणाली.

आमच्यासारख्यांच्या भाड्यावरच या पडक्या घराची डागडुजी झाली. म्हणजे घर वाचवल्याचं पुण्य आमच्या खात्यावर! ही समजूत संध्याकाळपर्यंत टिकली. विरजण मागायला सौ. शेजारी गेली, तर तिन्ही दारांना कुलपं. तीही सुट्टीचीच घरं. अशा घरांमुळे किमती चढतात नि गावची तरुण मंडळी बाहेर पडतात. याच परगण्यातल्या आबेरसोखची शाळा २०२१ च्या अखेरीस मुलांअभावी बंद झाली. १९७९ नंतर काही वर्षं तर लोकांनी अशी घरं जाळलीसुद्धा. २०२३ साली कौन्सिलनं त्यांच्यावर दीडशे टक्के जादा कर बसवला.

भिंती वाचल्या आणि माणसं गेली, तर वाचलं ते काय? आणि आम्ही तारणारे की घालवणारे?

निघताना सौ.नं अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, 'अगदी घरच्यासारखं वाटलं.' कोणाच्या घरच्यासारखं, हे विचारायला आळीत कोणी नव्हतं.